खाज थांबते, आजार राहतो

डोंबिवलीत घाम येतो ही तक्रार नाही. तो जात नाही, ही तक्रार आहे. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. पण त्यासाठी तो वाळावा लागतो. नुसता ओघळून रुमालात किंवा बनियनमध्ये मुरला, तर अंग ओलं होतं आणि गार मात्र होत नाही. ठाण्याची खाडी, उल्हास नदीचं खोरं आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत हवेत दाटून राहिलेली वाफ यांमुळे इथला घाम वाळायला तयार नसतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तर पाठीला दुसऱ्याची छाती टेकलेली असते, त्यामुळे त्याला वाळायला जागाच उरत नाही. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दर पावसाळ्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे रांगा का लागतात, हे समजून घ्यायचं तर या ओल्या त्वचेपासूनच सुरुवात करावी लागते.

प्रौढ माणसाची त्वचा पसरून मोजली तर दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा अगदी वरचा भाग म्हणजे बाह्यत्वचा. ती पापणीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ असते आणि तळपायावर दीड मिलिमीटरपर्यंत जाड होते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तळाच्या रांगेत नवी पेशी जन्मते, खालून येणाऱ्या नव्या पेशींमुळे वर वर सरकते, वाटेत केराटिन या चिवट प्रथिनाने भरत जाते, आपलं केंद्रक गमावते आणि पृष्ठभागावर पोहोचते तेव्हा मेलेली, चपटी झालेली असते. तिथे काही दिवस काढून ती गळते. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, उतारवयात त्याहून जास्त. आंघोळीच्या वेळी घासून जो मळ निघतो, त्यातला बराचसा भाग या मेलेल्या पेशींचाच असतो.

मेलेल्या म्हणून त्या निरुपयोगी, असं मात्र नाही. वरच्या थरात या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात, आणि त्यांच्यामधल्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचं मिश्रण चुन्यासारखं भरलेलं असतं. आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवण्याचं काम मुख्यतः ही भिंत करते. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण पाचच्या आसपास. आपल्या नेहमीच्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो. ऑफिसातून आल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना अशी तीन वेळा साबण लावून आंघोळ करणारी माणसं स्वच्छ असतात यात शंका नाही, पण फटींमधली मेदद्रव्यं धुतली गेल्याने त्यांचीच त्वचा कोरडी पडून खाजते. घामाला पाणी पुरतं. साबण काखेत, जांघेत आणि पायांना लावला तरी भागतं.

उलट दिशेनेही ही भिंत ढासळते. पाण्यात फार वेळ राहिली की मेलेल्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फटी रुंदावतात. घामाच्या नळीचं तोंड अशा फुगलेल्या पेशींनी बंद झालं, की घाम आतल्या आत झिरपतो आणि घामोळं उठतं. त्यावर पावडरीचे थर दिल्याने नळी उघडत नाही. पंखा, सैल सुती कपडे आणि थोडा थंडावा मिळाला की ती आपोआप मोकळी होते. पावसाळ्यात पायाच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्यांची सुरुवातही याच फुगण्यातून होते. दिवसभर ओले बूट आणि ओले मोजे घातले की बोटांमधली कातडी पांढरी पडते, सुटते आणि तिथे बुरशी व जिवाणू शिरतात. ही चीर कधी जिवावरही बेतू शकते. २६ जुलै २००५च्या पुरात उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत घुसलं आणि मुंबईत लोक तासन्‌तास साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेले. त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेला हा जंतू त्वचेवरच्या बारीकशा चिरेतूनही आत जातो. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात ती यासाठी.

या पट्ट्याचा खास आजार कोणता, असं विचारलं तर मी गजकर्णाचं नाव घेईन.

एकेकाळी गजकर्ण साधं दुखणं समजलं जायचं. दोन-तीन आठवडे मलम लावलं की ते जायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना वेगळंच चित्र दिसू लागलं. जांघेतून कमरेवर, कमरेवरून पोटावर पसरणारे मोठे चट्टे, घरातल्या चौघांना एकाच वेळी झालेला संसर्ग, आणि औषध थांबवताच उलटणारा आजार. त्यामागच्या बुरशीच्या जातीला २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. भारतातून आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांत ती त्यांना सापडली होती. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं भरवशाचं औषध तिच्या बऱ्याच वाणांवर चालत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्णांत ती आढळली, तेव्हा अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने त्याची वेगळी नोंद घेतली.

ही बुरशी जिवंत पेशींत सहसा शिरत नाही. वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन खाऊन ती जगते. तिचे अंश खाली पोहोचले की शरीर जागं होतं. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात, जागा लाल होते आणि खाजते. त्याच वेळी तळाच्या पेशींची वाढ वेगाने सुरू होते, म्हणजे बुरशीसकट वरचा थर लवकर गळून जावा. मध्यभागी हे जमतं, म्हणून तिथली त्वचा निवळते. कडेला बुरशी पुढे सरकत असते, म्हणून कड लाल आणि खवल्यांची. गजकर्णाचं वर्तुळ असं तयार होतं. खाज कितीही नकोशी वाटली, तरी शरीर कामाला लागलंय याची ती खूण असते.

आणि नेमकी तीच आपण आधी मारतो. मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की हातात बरेचदा तीन-चार औषधांचं मिश्रण पडतं. त्यात बुरशीवरचं एक, जिवाणूंवरचं एक आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखं जोरकस स्टेरॉइड असतं. पहिल्या रात्रीच खाज उतरते, दोन दिवसांत लाली जाते. माणूस खूश होतो आणि शेजाऱ्यालाही त्याच ट्यूबचं नाव सांगतो. स्टेरॉइडने बुरशी मेलेली नसते. शरीराचा प्रतिकार तेवढा झोपवलेला असतो. आता बुरशी बिनधास्त पसरते. वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ उमटतं, कड पुसट होते, आणि डॉक्टरांनाही हे गजकर्ण आहे की इसब हे नुसतं बघून सांगणं कठीण जातं. ट्यूब बंद केली की आजार दुपटीने उसळतो, मग पुन्हा ट्यूब. काही महिन्यांत जांघेतली कातडी पातळ होते आणि तिच्यावर बाळंतपणानंतर पोटावर असतात तशा रेघा उमटतात. त्या कायमच्या राहतात.

हेच मलम गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर चोळलं जातं, त्याची गोष्ट तर आणखी वाईट. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे तो उन्हात जरा गेलं तरी लालबुंद होऊ लागतो, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, मुरमं येतात, हनुवटीवर लव वाढते. असे चेहरे इतके वाढले की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली या विकाराला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं स्वतंत्र नावच दिलं. त्यांच्या संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर हा प्रश्न तिथे संपतो. स्टेशनबाहेरच्या दुकानात गर्दीच्या वेळी चिठ्ठी किती जण मागतात, ते आपण सगळे जाणतो. दुकानदारावर सगळं खापर फोडण्यातही अर्थ नाही. सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला डॉक्टरांकडे दोन तास बसणं परवडत नाही, आणि ट्यूब तर परतीच्या वाटेवर मिळते.

स्टेरॉइड हे मुळात वाईट औषध नव्हे. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम त्वचेवर चालतं हे दाखवलं. इसबाने रात्ररात्र खाजवणाऱ्या मुलांसाठी, सोरायसिसच्या रुग्णांसाठी ती मोठी सुटका होती आणि आजही आहे. प्रश्न आहे तो आजार कोणता, मलम किती जोराचं आणि किती दिवस, एवढाच. डॉक्टर मात्रा सांगतात ती बोटाच्या मापाने: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. ट्यूब संपेपर्यंत लावत राहणं हे मापच नव्हे.

गजकर्णावरचा खरा उपचार कंटाळवाणा आहे. स्टेरॉइड नसलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं आणि डॉक्टरांनी दिली असेल ती इट्राकोनाझोलची गोळी घ्यायची. खाज गेली तरी थांबायचं नाही; आता सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस लागतात. घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांचे उपचार एकदम. टॉवेल वेगळे. जुलैत कपडे घरातल्या दोरीवर दोन दिवस दमट लटकतात आणि गळालेल्या खवल्यांतली बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते, म्हणून आतले कपडे गरम पाण्यात धुवायचे आणि शिवणीवरून इस्त्री फिरवायची. घट्ट जीन्स पावसाळ्यापुरती कपाटात ठेवायची. औषधाच्या खर्चाइतकंच या गोष्टींवर बरं होणं अवलंबून आहे.

त्वचेच्या बहुतेक उपचारांत हेच वेळापत्रक आडवं येतं. मुरमांवरचं अडापॅलिन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड काम दाखवायला आठ ते बारा आठवडे घेतं, आणि बरेच जण पंधरवड्यात ‘गुण आला नाही’ म्हणून सोडून देतात. वांगाला तर त्याहून जास्त वेळ लागतो, आणि उन्हापासून जपलं नाही तर तो परत येतो. चामखिळीवर उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन लावला तरी एका खेपेत काम होईलच असं नाही. कधी कधी औषधापेक्षा कारण काढून टाकणं जास्त उपयोगी पडतं. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग दिसला, तर टिकलीच्या गोंदातलं पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल हे रसायन रंगपेशींना मारत असतं. टिकली बदलून नव्हे, चिकटणारी टिकलीच बंद करून ते थांबतं. घोडबंदर रोडवर किंवा शीळफाट्याला उभ्या राहणाऱ्या टॉवरांवर काम करणाऱ्या गवंड्याच्या हातांवरच्या भेगांमागे बरेचदा सिमेंटमधलं क्रोमियम असतं. त्याला ट्यूबपेक्षा हातमोज्यांची गरज जास्त.

आता जखमेकडे येऊ. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ हे डोंबिवली एमआयडीसीतल्या मोठ्या स्फोटांचे दिवस. दोन्ही वेळा माणसं दगावली, आणि दोन्ही वेळा कारखान्याच्या हद्दीबाहेर, आसपासच्या घरा-दुकानांच्या काचा फुटून अनेक जण जखमी झाले. काचेने कापलेल्या अशा एका हाताचं पुढे काय होतं?

पहिल्या काही मिनिटांत रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटतात, फायब्रिनचे धागे विणले जातात आणि रक्त थांबतं. काही तासांत पांढऱ्या पेशी पोहोचतात. जखमेच्या कडा लाल, गरम आणि दुखऱ्या होतात. दोन-तीन दिवसांनी भक्षक पेशी येऊन मेलेलं उचलतात आणि पुढच्या कामाचे रासायनिक निरोप सोडतात. म्हणजे पहिल्या दोन दिवसांची लाली ही जखम बिघडल्याची खूण नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ती वाढत गेली, पू किंवा ताप आला, तर मात्र काळजीचं कारण. मग तळातून नव्या रक्तवाहिन्यांचं लालसर, दाणेदार मांस भरू लागतं, आणि कडेच्या बाह्यत्वचेच्या पेशी आपली पकड सोडून जखमेवर सरपटत येतात. नुसतं खरचटलं असेल तर केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशीही मदतीला येतात, म्हणून गुडघ्यावरचं खरचटणं आठवड्यात भरतं आणि खोल काप भरायला वेळ लागतो. नवं कोलॅजन आधी घाईने, विस्कळीत पडतं. पुढचं वर्षभर शरीर ते काढून जास्त पक्कं घालत राहतं. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ त्वचेच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढंच बळ असतं. तीन महिन्यांनी ते ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं आणि तिथेच थांबतं. व्रणावर केस उगवत नाहीत, घामही येत नाही.

सरपटणाऱ्या पेशींना ओल लागते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या जखमा काही उघड्या ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या; झाकलेल्या जवळपास दुप्पट वेगाने भरल्या. उघड्या जखमेवर खपली धरते आणि पेशींना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. तरी ‘वारा लागू दे’ हा सल्ला आपल्याकडे अजून ठाण मांडून आहे. लहान जखम नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवावी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि झाकावी. स्पिरिट झोंबतं, हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

हळदीचं काय, हा प्रश्न मराठी घरात येणारच. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. सीएसआयआरने जुने पुरावे मांडून आव्हान दिलं आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. तो विजय मोठाच होता, पण त्यातून सिद्ध काय झालं ते नीट पाहायला हवं. हा उपयोग जुना आहे, नवा शोध नव्हे, एवढंच ठरलं. डब्यातली हळद खोल जखमेत भरावी असा त्याचा अर्थ होत नाही. ती निर्जंतुक नसते.

भाजल्यावर तर घरगुती उपायांचा फार मोठा तोटा होतो. टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काहीही न लावता भाजलेली जागा वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरणं, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी केला जाणारा उपचार आहे. बर्फ नको. खोल भाजलं तर केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथीही जळून जातात, म्हणजे नवी बाह्यत्वचा उगवायला बीजच उरत नाही. मग रुग्णाच्याच मांडीवरून पातळ थर काढून तिथे लावतात. पण निम्मं अंग भाजलेल्या माणसाची मांडी तरी कुठे शिल्लक असते? अशा वेळी मृत दात्याची त्वचा उपयोगी पडते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने त्वचापेढी सुरू झाली. ठाण्याच्या लोकांना त्याहून जवळ म्हणजे ट्रान्स-हार्बरवर ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, त्याचीही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून त्वचेचा अगदी वरचा पातळ थर घेतला जातो. रक्तस्राव होत नाही, देह विद्रूप होत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, शीतपेटीत ती पाच वर्षांपर्यंत टिकते. रुग्णाच्या अंगावर ती कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत शरीर तिला नाकारतं. पण तेवढ्या काळात पाणी आणि प्रथिनं वाहून जात नाहीत, जंतू आत शिरत नाहीत, आणि स्वतःच्या त्वचेची कलमं टप्प्याटप्प्याने करायला डॉक्टरांना अवधी मिळतो. नेत्रदानाचा अर्ज भरलेली घरं आपल्याकडे पुष्कळ सापडतात. त्वचादानाबद्दल मात्र त्या घरांतही माहिती नसते.

खाज आणि दुखणं नकोसं वाटणाऱ्या माणसाने एकदा कल्याणच्या पत्रीपुलाजवळच्या हनुमाननगर कुष्ठवसाहतीचा विचार करावा. नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने तिथल्या कुष्ठरुग्णांसाठी वर्षानुवर्षं काम करत आले. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. कुष्ठरोगाचा जंतू फार संथ आहे, एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. शरीराचे थंड भाग त्याला आवडतात, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेलगतच्या नसांत राहतो. नस मेली की तिथलं दुखणं संपतं, खाज संपते, घामही संपतो. कोरड्या तळपायाला भेग पडते, चपलेचा खिळा घुसतो, आणि माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो. बोटं झडतात ती जंतूने खाल्ली म्हणून नव्हे. न कळलेल्या जखमा पुन्हा पुन्हा होतात म्हणून. हे मांडणाऱ्यांत वेल्लोरला १९४६ साली आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड हे मोठं नाव. कुष्ठरुग्णाचं मांसच भरत नाही, असा तेव्हा समज होता. पायाला प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढला, तर तीच जखम इतरांसारखी भरून येते, हे त्यांनी दाखवलं. वसाहतीतल्या रुग्णांना मऊ रबराच्या एमसीआर चपला देतात आणि रोज पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, तळवे तपासायला शिकवतात ते यामुळेच. जुन्या मधुमेह्याच्या बधिर पायालाही नेमकी हीच शिस्त लागू पडते, आणि मधुमेही तर आता प्रत्येक सोसायटीत आहेत.

डिसेंबर २००५ मध्ये भारतात कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाखाली आलं आणि ‘निर्मूलन’ जाहीर झालं. नवे रुग्ण मात्र अजून सापडतात. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही तीन औषधं सहा महिने किंवा वर्षभर घेतली की आजार पूर्ण बरा होतो आणि सरकारी केंद्रांत ती फुकट मिळतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा फिरवून घ्यावा. तो जाणवला नाही, किंवा चट्टा महिनोन्‌महिने आहे आणि एकदाही खाजला नाही, तर कुठलीही ट्यूब न आणता पालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जावं.